मंदावलेला संगणक आणि त्याच्या साफसफाईची गोष्ट



आज आपण इतिहासाच्या गप्पा मारणार आहोत, पण राजेरजवाड्यांच्या नाही. गटाच्या कार्यालयात, दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा घरात लेकरांच्या अभ्यासाच्या टेबलावर जो संगणक बसलेला असतो, तो मंद का होतो आणि आजवर लोकांनी त्याला कसं चालतं केलं, याचा हा इतिहास आहे.

प्रसंग तुमच्या ओळखीचाच आहे. अर्ज भरायची शेवटची तारीख असते. बटण दाबून चहा ठेवावा, तो उकळावा, गाळावा, पिऊन कपही विसळून व्हावा, तरी पडद्यावर ती गोल चकरी फिरतच असते. मग कुणीतरी सांगतं, "जुना झालाय, भंगारात द्या, नवा घ्या." नवा घ्यायचा तर पैसे गटाच्या शिलकीतूनच जाणार. त्या पैशात एखादीला शेळ्या घेता आल्या असत्या, कुणाचं शिलाई मशीन आलं असतं. म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, संगणक खरंच म्हातारा होतो का?

जात्याचा दगड झिजतो, त्याला टाकी लावावी लागते. विळीची धार जाते. संगणकाचा पंखा आणि आत फिरणारी तबकडी हे भागही झिजतात. पण त्याचं गणित करणारं डोकं, ज्याला प्रोसेसर म्हणतात, ते तसं झिजत नाही. पहिल्या दिवशी ते जेवढ्या वेगानं आकडेमोड करत होतं, जवळजवळ तेवढ्याच वेगानं आजही करतं. मग मंद होतं काय? बहुतेक वेळा त्याच्यावर ओझं चढलेलं असतं. ते ओझं चार-पाच प्रकारचं असतं, आणि प्रत्येक प्रकाराचा आपला इतिहास आहे. ओझं कुठलं हे ओळखलं तर इलाज नेमका होतो. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होऊन बसतं.

सुरुवात करूया १९४६ पासून. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्वेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक नावाचा संगणक त्या वर्षी फेब्रुवारीत लोकांपुढे आला. त्यानं अख्खं दालन व्यापलं होतं, वजन होतं सुमारे ३० टन. आपल्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, आठवतात? तशा सुमारे १८,००० नळ्या त्यात होत्या. तोफेचा गोळा कुठे पडेल याचं जे गणित माणसाला हातानं करायला तीसेक तास लागत, ते हा संगणक अर्ध्या मिनिटात करत असे.

हे यंत्र चालवायला सहा जणी होत्या. त्यांची नावं के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांना शिकवायला कुणी नव्हतं, वाचायला माहितीपुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे समोर ठेवून, प्रश्न विचारत विचारत त्या शिकल्या. यंत्र अडलं की हजारो नळ्यांमधली नेमकी कुठली बिघडली, इथपर्यंत त्यांना माग काढता येऊ लागला. यंत्र जगापुढे आलं त्या रात्री मोठी मेजवानी झाली. या सहा जणींना मात्र तिचं बोलावणं नव्हतं. त्यांचं काम जगाला नीट कळायला पुढे कित्येक वर्षं लागली.

त्यांची गोष्ट सांगायचं कारण असं की संगणकाच्या दुरुस्तीचा पहिला धडा तिथेच मिळतो. अठरा हजार नळ्यांपैकी एक जळली तर अठरा हजार बदलायच्या नसतात. आधी शोधायचं, मग हात लावायचा. आणि हा शोध घ्यायला फार मोठी पदवी लागते असं नाही. यंत्राशी रोज काम करणारीला, डोळे उघडे ठेवले तर, ते जमतं.

त्या काळी एनिअ‍ॅक शक्यतो बंदच करत नसत. नळ्या तापताना आणि गार होताना जास्त जळायच्या, म्हणून ही काळजी. आज उलट आहे. आजच्या संगणकाला अधूनमधून पूर्ण बंद होऊन नव्यानं उठणं मानवतं. त्यातही एक बारकावा आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून 'शट डाउन' केलं तरी बहुतेक संगणक आपल्या कामाचा काही भाग तसाच जपून ठेवतात, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. त्यामुळे आत अडकलेला गुंता दुसऱ्या दिवशीही तसाच राहू शकतो. 'रीस्टार्ट' केलं की सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून संगणक अडखळू लागला की पहिला इलाज रीस्टार्टचा. त्याला एक पैसा लागत नाही.

आता १९४७ साली जाऊ. अमेरिकेतल्याच हार्वर्ड विद्यापीठात बनवलेला मार्क टू नावाचा संगणक होता. त्यात विजेवर उघडझाप करणारे हजारो छोटे खटके होते. ९ सप्टेंबरला यंत्र चुकू लागलं. उघडून पाहतात तर एका खटक्यात चक्क पतंग अडकून मेलेला, दिव्यावर येतो तसा. कर्मचाऱ्यांनी तो काढला, कामाच्या वहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची ओळ खाली लिहिली. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात पतंगासकट जपून ठेवली आहे. यंत्रातल्या बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची रीत त्याआधीचीच, म्हणून तर ती ओळ गमतीची. त्या गटात काम करणाऱ्या ग्रेस हॉपर पुढे नौदलात मोठ्या हुद्द्यावर पोचल्या आणि ही गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली.

तर पहिलं ओझं हे, खराखुरा कचरा. आपल्याकडे पतंगापेक्षा धूळ जास्त. रस्त्याचा फुफाटा, गिरणीचं पीठ, चुलीचा धूर, कापसाचे तंतू, पाली, मुंग्या, झुरळं, सगळ्यांना संगणकाची पेटी आवडते, कारण ती उबदार असते. धूळ पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर बसते. आतली ऊब बाहेर पडत नाही. डोकं तापलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, जळून जाऊ नये म्हणून. उन्हाच्या कडाक्यात आपण काम हळू करतो, तसंच. बाहेरून बघणारीला वाटतं, संगणक म्हातारा झाला.

उपाय असा. संगणक बंद करा, वायर सॉकेटमधून काढा, थोडा वेळ जाऊ द्या. टेबलावरच्या मोठ्या पेटीच्या बाजूचं झाकण स्क्रू काढून उघडता येतं. कोरड्या, मऊ ब्रशनं हलक्या हातानं धूळ काढा. पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं लावायचं नाही आणि तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीतून थुंकीचा ओलावा जातो. लॅपटॉप उघडणं नाजूक काम आहे, ते जाणकाराकडूनच करून घ्या. पेटी जमिनीवर ठेवू नका, आणि तिच्या मागची हवा जायची जागा भिंतीला चिकटवू नका.

दुसऱ्या ओझ्याची गोष्ट १९५६ ची. त्या वर्षी सप्टेंबरात आयबीएम कंपनीनं रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्यात माहिती साठवायला पहिल्यांदाच फिरत्या तबकड्या होत्या. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, आणि सगळं मिळून मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा तेवढी जागा खातो. हीच ती हार्ड डिस्कची आजी.

फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई, अशी ही रचना. सुई योग्य जागी जाईपर्यंत संगणक थांबून राहतो. आता आपलं फडताळ डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीला डबे ओळीत असतात. मग एक डबा रिकामा होतो, तिथे अर्धा गूळ ठेवतो, उरलेला गूळ वरच्या फळीवर, आणखी थोडा खालच्या. पुढे गुळाची गरज पडली की तीन ठिकाणी हात घालावा लागतो. हार्ड डिस्कवर नेमकं असंच होतं. फाइली पुसत आणि नव्या ठेवत गेलं की एकाच फाइलचे तुकडे इकडेतिकडे पसरतात, आणि सुईची पळापळ वाढते.

१९८१ मध्ये आयबीएमनं आपला घरगुती आणि कचेरीतला संगणक, म्हणजे पीसी, बाजारात आणला. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती. दरम्यान १९८२ मध्ये पीटर नॉर्टन नावाच्या अमेरिकन माणसानं नॉर्टन युटिलिटीज हा प्रोग्रॅमसंच विकायला काढला. चुकून पुसलेली फाइल परत आणायची सोय हे त्याचं मोठं आकर्षण होतं. संगणकाची देखभाल विकता येते, हे त्यातून बाजाराला कळलं. पुढे तुकडे जुळवून एका जागी लावण्याचे प्रोग्रॅम आले. या कामाला 'डीफ्रॅग' म्हणतात. १९९३ साली मायक्रोसॉफ्टनं ही सोय आपल्या एमएस-डॉस ६ मध्येच देऊन टाकली. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून तर संगणक हे काम आठवड्यातून एकदा आपलं आपण करू लागला.

म्हणजे बघा, वेगळे पैसे मोजून डीफ्रॅग करून घ्यायची गरज केव्हाच संपली. शिवाय आता एसएसडी नावाची डिस्क आली आहे. तिच्यात तबकडी नाही, सुई नाही, काहीच फिरत नाही. तिचं मूळ जपानमधल्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेल्या फ्लॅश मेमरीत आहे. आपला पेन ड्राइव्हही त्याच कुळातला. एसएसडीला डीफ्रॅग करायचं नसतं, त्यानं फायदा नाही आणि उगाच झीज होते. पण जुन्या संगणकातली फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, तर सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारं यंत्र बऱ्याचदा मिनिटाच्या आत उठतं. एका भागाच्या खर्चात हे काम होतं, नव्या संगणकाच्या मानानं ते पुष्कळ स्वस्त पडतं. दुकानदारानं "नवा घ्या" म्हटलं तर "आधी एसएसडी बसवून काय होईल?" एवढं विचारायला विसरू नका.

डिस्क काठोकाठ भरली तरीही संगणक अडखळतो. कणगी गळ्यापर्यंत भरली की हात फिरवायला जागा उरत नाही, तसं. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जा, सिस्टीम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. तिथे तात्पुरत्या फाइलींची यादी दिसते, खूण करून त्या काढता येतात. पण इथे सांभाळा. त्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. आपले बँकेचे तपशील, अर्जांच्या पावत्या, योजनांची परिपत्रकं बहुधा तिथेच पडलेली असतात. डाउनलोड्सपुढे खूण नाही ना, हे पाहूनच पुढचं बटण दाबा. रीसायकल बिन, म्हणजे कचऱ्याची टोपली, रिकामी करण्याआधीही एकदा आत डोकावून बघा.

तिसरं ओझं सर्वांत मोठं, आणि ते चढवणारे आपण नसतो. २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ बाजारात आणलं. ते चालायला किमान ४ एमबी रॅम लागत होती. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. हार्ड डिस्क हे फडताळ, आणि चालू काम ज्यावर मांडतो तो ओटा म्हणजे रॅम. ओटा लहान पडला की पोळपाट उचलून खाली ठेवा, कढई मांडा, पुन्हा कढई खाली, पोळपाट वर, असा सारखा व्याप होतो. संगणकही रॅम भरली की सामान डिस्कवर टाकतो आणि परत आणतो. ती चकरी फिरते ती बऱ्याचदा याच कामात.

आता हा ओटा किती वाढवावा लागला ते ऐका. १९९५ मध्ये किमान ४ एमबी. विंडोज ९८ ला १६ एमबी. २००१ च्या एक्सपीला ६४. २००७ च्या व्हिस्टाला ५१२. २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी, म्हणजे हजारावर एमबी. आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. २६ वर्षांत ओटा हजारपट मोठा मागितला. या आकड्यांवर यंत्र जेमतेम उभं राहतं, निवांत काम करायला त्याहून जास्तच लागतं. आणि काम काय वाढलं? पत्र लिहिणं, हिशेब मांडणं, अर्ज भरणं तर तेव्हाही होतंच.

हे स्वित्झर्लंडमधल्या निकलाउस विर्थ या संगणकतज्ज्ञानं १९९५ सालीच लिहून ठेवलं होतं. विर्थ म्हणजे पास्कल ही संगणकाची भाषा बनवणारे. यंत्रं जितक्या वेगानं जलद होत आहेत, त्याहून जास्त वेगानं प्रोग्रॅम जड आणि मंद होत आहेत, असं त्यांचं म्हणणं. यंत्रात जागा आहे म्हटल्यावर बनवणारे काटकसर सोडतात, आणि भार वापरणाऱ्याच्या खिशावर पडतो. विर्थ २०२४ च्या पहिल्याच दिवशी वारले, पण त्यांचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे यंत्र घरोघर पोचलं ते याच काळात. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले. पुष्कळ मुलींनी आणि सुनांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच. पुढे सातबारा, दाखले, बँक, शिष्यवृत्ती, सगळंच संगणकावर आलं. त्यामुळे मंद संगणक ही आता चैनीची अडचण उरली नाही, त्यानं कामाचा आख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते.

या ओझ्यावर आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. संगणक सुरू होताच न बोलावता उठणारे प्रोग्रॅम आधी थांबवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' या भागात उठणाऱ्यांची यादी असते. जे रोज लागत नाही त्याला 'डिसेबल' करा. त्यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही, बोलावल्याशिवाय येत नाही इतकंच. विषाणूपासून राखण करणारा प्रोग्रॅम आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही तो, या दोघांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' आणि 'डिस्क' असे रकाने असतात. काम अडलं असताना त्यांपैकी कुठला आकडा शंभराजवळ टेकलाय ते बघा. मेमरी भरली असेल तर रॅम वाढवणं हा इलाज, आणि डिस्क सतत शंभरावर असेल तर एसएसडी. एनिअ‍ॅकवरच्या सहा जणी जे करत होत्या, तेच हे निदान.

इंटरनेट पाहताना उघडी ठेवलेली पानंही ओटा अडवतात. २००८ मध्ये गूगलचं क्रोम आलं, त्यात एक पान कोसळलं तर दुसरं कोसळू नये म्हणून वेगवेगळ्या पानांना वेगळी चूल मांडून दिली. सोय चांगली, पण चुली जास्त झाल्या की सरपणही जास्त लागतं. काम झालं की पान बंद करायची सवय लावून घ्या.

चौथं ओझं म्हणजे आगंतुक. १९८६ मध्ये लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम बनवला. त्यांनी दवाखान्यांसाठी केलेल्या प्रोग्रॅमची लोक फुकट नक्कल करत होते, त्यांना चाप बसावा हा त्यांचा हेतू. त्यांनी आत आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहिला होता. पण तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत देशोदेशी गेला आणि पीसीवरचा पहिला विषाणू म्हणून नावाजला. ब्रेनचं एक लक्षण काय होतं, माहीत आहे? फ्लॉपी मंद चालायची.

दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ ला, रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानं एक प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. त्यानं कुणाची फाइल पुसली नाही. तो नुसता स्वतःच्या प्रती काढत राहिला, आणि एकेका यंत्रात इतक्या प्रती झाल्या की यंत्रं जागच्या जागी खिळली. सुमारे ६,००० संगणक त्यात सापडले, असा त्या वेळचा अंदाज. मॉरिसवर खटला चालला, दंड झाला. अचानक आलेला मंदपणा आगंतुकाची खूण असू शकतो, हे जगाला तेव्हा कळलं.

आपल्याकडे हा पाहुणा बहुतेक दोन वाटांनी येतो. एक, दहा ठिकाणी फिरून आलेला पेन ड्राइव्ह. दुसरी, 'क्रॅक' करून फुकटात टाकून दिलेली विंडोज आणि प्रोग्रॅम. कुलूप फोडून आत आणलेल्या वस्तूबरोबर आणखी कोण आलं, ते आपल्याला दिसत नाही. विंडोजमध्ये २०१२ पासून डिफेंडर नावाचा राखणदार आतच असतो. तो चालू ठेवा, अपडेट होऊ द्या. त्यावर आणखी दोन-दोन अँटिव्हायरस चढवले तर राखणदारच एकमेकांच्या पायात येतात आणि संगणक आणखी मंदावतो.

आणि पाचवं ओझं, मैत्रिणींनो, साफसफाईच्या नावानं येणारं. याचा इतिहास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २००४ साली सीक्लीनर नावाचा प्रोग्रॅम आला. मंद संगणक साफ करायला जगभर लोकांनी तो घेतला. २०१७ मध्ये चोरांनी या कंपनीच्याच आवृत्तीत आपला घातक भाग मिसळला, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांच्या संगणकांवर गेली. झाडूतूनच घरात विंचू आला म्हणायचा.

दुसरी घटना तर झाडू विकणाऱ्यांचीच. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी. तिथे संगणकाची मोफत तपासणी होत असे. सुरुवातीला चार प्रश्न, त्यांतला एक, तुमचा संगणक मंद झालाय का? तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाचा आरोप असा की चारपैकी एकाही प्रश्नाला 'हो' म्हटलं, की आत काही सापडो न सापडो, विषाणूची लक्षणं आहेत असं पडद्यावर यायचं. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात मारली जायची. २०१९ मध्ये तडजोड होऊन ऑफिस डेपोनं अडीच कोटी डॉलर आणि तो प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमनं एक कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, ग्राहकांना परत देण्यासाठी.

मंदपणा तर प्रत्येकीच्या संगणकाला कधी ना कधी येतोच. म्हणून त्यावर बोट ठेवून भीती विकणं सोपं जातं. पडद्यावर अचानक "तुमच्या संगणकात विषाणू आहेत, या नंबरवर ताबडतोब फोन करा" असं आलं, तर फोन करू नका. ती खिडकी बंद करा, होत नसेल तर संगणकच बंद करा. अनोळखी माणसाला दुरून आपला संगणक चालवू देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा.

शेवटी अगदी अलीकडचं पान. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली. विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर बसतच नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे यंत्र धडधाकट, पण दार बंद. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं, हे खरं. पण त्याला भंगार हा एकच रस्ता नाही. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलेली लिनक्स फुकट मिळते, आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर नीट चालतात. केरळच्या सरकारी शाळांत मुलं अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनंही 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स बनवली आहे. मात्र तुमचा प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो का, हे आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून तपासून घ्या. हिशेबाला नाही जमली, तरी लेकरांच्या अभ्यासाला तो संगणक आणखी काही वर्षं चालेल.

तर गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव करता येईल. महिन्यातला एक दिवस संगणकाचा. सगळ्यांत आधी हिशेबाच्या आणि इतिवृत्ताच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर, ती झाल्याशिवाय बाकी कशालाच हात नाही. मग रीस्टार्ट, धूळ, भरलेली डिस्क, न बोलावता उठणारे प्रोग्रॅम, राखणदाराची तपासणी, या क्रमानं. एक वही ठेवा, त्या पतंगाच्या वहीसारखी. कधी काय अडलं, काय केलं, त्यानं फरक पडला का, तारखेसह लिहा. एवढं करूनही संगणक उठला नाही, तर टास्क मॅनेजरमधले आकडे त्या वहीत टिपून दुकानात न्या. वही हातात असलेल्या ताईला "नवाच घ्या" असं सांगताना दुकानदारालाही दोनदा विचार करावा लागेल.

आणि वही लिहायचं काम एकीवरच टाकू नका, पाळीपाळीनं करा. म्हणजे सहा महिन्यांत सहा जणींना यंत्र कळेल. फिलाडेल्फियातही सहाच जणी होत्या.